न दुखणारी दाढ

...दुखत नव्हती हो! हे आधी लक्षात घ्या, मग हसायचं तेवढं हसा. दुखणारी दाढ घेऊन दवाखान्यात जाणारे जगात पुष्कळ आहेत, पण न दुखणारी दाढ असताना ज्याला त्याची बायको दंडाला धरून नेते, त्या गृहस्थाला काय म्हणावं? आणि ती खुर्ची! पाठ टेकली की डोकं खाली जातं आणि पाय वर. पाय वर... हे ध्यानात ठेवा. पुढे माझा घात त्यांनीच केला.

तुम्हाला सांगतो, मी शाळेत फारसा गेलो नाही, पण ग्रंथालयाच्या बांधणी विभागात आयुष्य काढलं आणि जे पुस्तक शिवायला आलं ते वाचल्याशिवाय परत पाठवलं नाही. नौकानयन वाचलं, पशुवैद्यक वाचलं, दंतविज्ञानही वाचलं! दंतविज्ञानाचा मात्र मधलाच भाग, कारण पुढची आणि मागची पानं उंदरांनी नेली होती. त्यामुळे दाताची रचना मला मुखोद्गत. तो बिघडतो कशाने आणि बिघडल्यावर त्याचं काय करतात, एवढंच काय ते वाचायचं राहिलं.

तर, सुरुवात गार पाण्याने झाली. उजवीकडची, खालची, शेवटून दुसरी दाढ. घोट घेतला की कळ, गिळला की कळ गेली. मी म्हटलं, उत्तम, दाढ सावध आहे. मग चहाची पाळी आली. चहा पोटात जाऊन निवला तरी कळ आपली तोंडात ठाण मांडून बसलेली. पाहुणा निघून जावा आणि त्याचं सामान मागे राहावं, तशी! त्यानंतर तिला निमित्तही लागेना. दुपारी आडवा झालो की ठणका सुरू, उठून बसलो की जरा कमी. शेवटी मी वर्तमानपत्र तोंडावर धरून बसल्या बसल्या झोपू लागलो. बायको विचारी, "दाढ दुखतेय का हो?" मी म्हणे, "छे! अग्रलेख वाचतोय." ती म्हणे, "उलटा?"

आता तुम्ही म्हणाल, एवढा वाचणारा माणूस, मग वेळीच गेला का नाही? सांगतो. वडिलांची कवळी.

माझ्या वडिलांनी जन्मात एकदाही 'दुखतंय' म्हटलं नाही. दात दुखला की म्हणायचे, "काही दुखत नाही," आणि चार दिवसांनी तो दात काढूनच घरी यायचे. असे एकेक करून सगळे गेले आणि कवळी आली. दुपारचं जेवण झालं की ती कवळी खिडकीतल्या काचेच्या पेल्यात. इकडे आरामखुर्चीत वडील... गाल आत, ओठ आत, जणू चेहरा आतून कोणी गिळायला घेतला आहे. आणि तिकडे पेल्यात ते दात पाण्यामुळे दुप्पट मोठे होऊन हसत असायचे. माणूस इथे आणि हसू तिथे! मी लहान होतो, माझं जेवण मागे रेंगाळायचं. पेल्याकडे पाठ करून जेवायचो, तरी मानेला कळायचं की मागे कोणीतरी हसतंय.

वडील गेले, कवळी राहिली. टाकून देववेना. माझ्या मेजाच्या खालच्या खणात एका डबीत ती आहे. खण ओढला की आत वाजतं, टक्. आणि तुम्हाला सांगतो, मला पहिली कळ आली त्या दिवशी मी खणाला हातही लावला नव्हता, तरी... टक्! आता वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली असेल, मान्य. मी वाचणारा माणूस आहे, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणून तर मी खणाला कुलूप लावलं.

आणि मग एके दिवशी सकाळी उठलो तर कळ गायब! गार पाणी प्यायलो, काही नाही. कढत चहा प्यायलो, काही नाही. अहो, मी त्या दाढेने कडक पाव चावला! बायकोला म्हटलं, "पाहिलंस? दुर्लक्ष हेच औषध." महिने गेले. तोंडाला मधूनच एक घाण चव यायची, तिचा दोष मी चहापत्तीला दिला. हिरडीवर एक पुळी आली, तिचा दोष टूथब्रशला दिला. पण बायकोने ती पुळी पाहिली.

"दुखते का?"

"मुळीच नाही."

तिने माझी हनुवटी उजेडाकडे वळवली. म्हणाली, "दुखत होतं तेव्हा नाही म्हणायचात, तो आवाज मला ठाऊक आहे. आत्ता खरंच दुखत नाहीये तुम्हाला. मला त्याचीच भीती वाटते. चला." आणि धरला दंड!

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण हात असे की पुस्तकाची पाठ बसवायला द्यावेत. म्हणाल्या, "काका, मी एकेका दाताला गार कापूस लावणार. जिवंत दाताला गार लागतं आणि कापूस काढला की लगेच थांबतं. लागलं की हात वर करायचा हं." बायको माझ्या पायांशी स्टुलावर बसली होती. मी दोन्ही हात पोटावर बांधले. आयुष्यात परीक्षा अशी एकच द्यायला मिळाली, ती काय हात वर करून नापास व्हायला?

पहिल्या दाताला कापूस लावला. अहो, कानातून वीज गेली! हात? जागच्या जागी. दुसरा... डोळ्यांपुढे काजवे. हात जागच्या जागी. तिसरा, चौथा... मी आपला छताकडे बघत प्रसन्न!

बाई थांबल्या. कपाळाला आठी. "काका, चारातल्या एकालाही गार लागलं नाही?"

"नाही," मी अभिमानाने म्हटलं.

"मग चारही मेलेत म्हणायचे."

"...मेलेत?"

"आतली नस मेली की दात दुखायचा थांबतो. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, असं नसतं काका. तक्रार करणारं आत कोणी उरलेलं नसतं, इतकंच. कीड मात्र मुळाच्या टोकातून खाली हाडात उतरत राहते."

तक्रार करणारं आत कोणी उरलेलं नसतं! तुम्हाला सांगतो, असं पुस्तक मी ओळखतो. कपाटात ताठ उभं, पुठ्ठा चकचकीत, पाठीवर सोनेरी नाव. आणि उघडलं की आत कसरीने पोखरलेला नुसता भुगा. अशी चार पुस्तकं माझ्या तोंडात? मी जीभ फिरवली. चौघे शेजारी शेजारी, थंडगार, गप्प. आणि कुलूपबंद खणात, इतक्या लांब, इतकं स्पष्ट... टक्!

मी तोंड उघडून खरं सांगणारच होतो हो, पण मान खाली घालायला जरा वेळ लागतो की नाही? तेवढ्यात पायांकडून आवाज आला.

"डॉक्टर, त्यांच्या हाताकडे बघू नका. पायाचा अंगठा बघा."

"अंगठा?"

"उजवा. लागलं की उडतो. लग्न झाल्यापासून बघतेय. तीन वेळा उडाला, एकदाच नाही."

मग काय विचारता! पुन्हा कापूस. बाई माझ्या तोंडात हात घालून मान वळवून माझ्या पायाकडे बघताहेत, आणि बायको रेल्वेच्या घोषणेसारखी सांगतेय, "उडाला... उडाला... हा नाही... उडाला!" तो 'नाही' म्हणजे तीच, शेवटून दुसरी. आणि खरं सांगू? त्या संबंध परीक्षेत मी तिच्याविषयी दिलेलं उत्तर तेवढं खरं होतं. दुखत नव्हती हो!

फोटो काढला. मुळाच्या टोकाशी काळी सावली, पावसाळ्यात भिंतीवर ओल उमटते तशी. बाई म्हणाल्या, "हाडाने अजून धरून ठेवलीय. आतल्या नळ्या साफ करून भरल्या, वरून कॅप बसवली, तर दाढ राहील. यालाच रूट कॅनाल म्हणतात. अजून थांबलात तर काढावी लागेल. मग शेजारची सरकेल, मग तीही..."

"कवळी?" मी विचारलं.

"हळूहळू, हो."

मी आ वासला. एवढ्या आज्ञाधारकपणे मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

हिरडीत सुई टोचली, गाल परका झाला, दाढेभोवती रबराचा पडदा ताणला. केसासारख्या बारीक सुया नळीत खालीवर, खालीवर. तोंड बंद करायची सोय नाही, बोलायची सोय नाही, आणि नेमकं तेव्हाच बाईंनी सहज विचारलं, "काकू, अंगठ्याचं तुम्हाला कळलं कसं हो?"

"मामंजींचाही असाच उडायचा ना," बायको म्हणाली. "मी नवी सून, मान खाली, त्यामुळे मला घरातल्यांचे पायच जास्त दिसायचे. जेवताना कवळी हिरडीला टोचायची, तरी 'काही दुखत नाही' म्हणायचे आणि पाटाच्या कडेला अंगठा तडफडायचा. रोज."

मी म्हटलं, "आ... आ!" म्हणजे, मग बोलली का नाहीस? तिला ते बरोबर कळलं.

"मला कोणी विचारलं?"

अहो, त्याच घरात मीही होतो. त्याच पंगतीत, पेल्याकडे पाठ करून! दुखत नाही, दुखत नाही, म्हणत तो माणूस एकेक दात पुरून आला आणि त्याच्या पायाकडे मी एकदाही पाहिलं नाही. मला वाटायचं, पेल्यातले ते दात मला हसताहेत. हसत कसले होते? ओठच नव्हते हो त्यांना मिटायला...

बाईंचा हात थांबला. "काका, डोळ्यांतून पाणी येतंय. दुखतंय का?"

आता कसं सांगू? दाढ मेलेली, गाल बधिर, तोंडात रबर... दुखत नव्हती हो!

बायको स्टुलावरून जरा पुढे वाकली, माझ्या अंगठ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "दाढ नाही दुखत त्यांची. तुम्ही चालू द्या, डॉक्टर."

आता कॅप बसली आहे. त्या दाढेने मी कडक पाव खातो. खणाचं कुलूपही काढलं, डबी उघडून वडिलांना म्हटलं, "दुखत होतं ना?" आतून टक्सुद्धा आलं नाही. पण घरात माझं काही लपून राहिलं नाही. "बरं वाटतंय ना?" असं तोंडाने विचारायचं आणि डोळ्यांनी थेट पायांकडे बघायचं! मुलगी आली तरी तेच, नातेवाईक आले तरी तेच. शेवटी मी भर उन्हाळ्यात घरात मोजे घालून बसलो. बायकोने दारातून एकदा पाहिलं आणि आत जाता जाता म्हणाली,

"मोजे घातलेत? म्हणजे दुखतंय."