कांतामावशींचे जमलेले तास

वारजेतला महापालिकेचा दवाखाना. माझा नंबर यायला वेळ होता. मागच्या बाकावर दोघी, आत गेलेल्या कुणाची तरी वाट बघत, बोलत होत्या.

“कांतामावशी, आईला तुम्ही इथे व्यायामाला आणता, म्हणून माझी हिंजवडीची नोकरी टिकली. उपकार कसे फेडू?”

“उपकार कसले, श्रद्धाताई? वॉर्डाच्या योजनेत तासभर मदत केली की माझा एक तास जमा होतो; त्यावर तरणतलाव, नाटक, शिकवणी, काहीही मिळतं.”

“मग वापरा ना ते तास! पोहायला जा, नाटकाला जा.”

“वापरते की. तुमच्या आईंकडे इंग्रजी शिकते. त्यांनीही शिकवायला योजनेत नाव घातलंय.”

“आई शिकवते? पॅरॅलिसिस झाल्यापासून घरात नुसती मान हलवते ती.”

“जीभ अडखळते ना, तुमच्यासमोर लाज वाटते त्यांना. माझ्यावर मात्र ओरडतात.”

“आई ओरडते?”

“अहो, काल धडा न वाचताच गेले. ‘मठ्ठ आहेस’ म्हणाल्या. अगदी स्पष्ट!”

 मागे कुणीतरी नाक पुसलं.

“मावशी, एक मागू?”

“मागा की.”

“उद्याचाही धडा वाचू नका.”