तांब्याभर पाणी

जनावरांच्या दवाखान्यात ती मांजराची टोपली पायाशी ठेवून, बाळाला पोटाशी घट्ट धरून बसली होती. शेजारी एक आजी-आजोबा, आणि त्यांच्यापुढे वासराएवढा काळा कुत्रा. तिची नजर त्याच्या जबड्यावरून हलत नव्हती.

आजी आजोबांना म्हणाल्या, “आंघोळीला बसलात की हा दंड धरून बाहेर ओढतो. चार दिवस पारोसे आहात.”

“अगं, रक्तातच आहे. न्यूफाउंडलंड म्हणतात या जातीला. याचे पूर्वज कोळ्यांची जाळी समुद्रातून ओढायचे, बुडणाऱ्याला काठावर आणायचे. बोटांत पडदे आहेत बघ, बदकासारखे.”

“तांब्याभर पाण्यात कोण बुडतं हो?”

“त्याला काय माहीत? तो आपला घराण्याची रीत पाळतो.”

“ती दुसऱ्या घरी पाळू दे. डॉक्टरांनाच सांगते, बघा कोणी घेतंय का.”

आजोबांचा हात कुत्र्याच्या मानेवरून निघेना.

“तुला कुठे ओढतो तो?”

“मला? मी बुडाले तरी ढुंकून बघायचा नाही. न्हाणीच्या दाराशी घोरत पडतो मेला.”

“म्हणजे राग ओढण्याचा आहे, की न ओढण्याचा?”

आजी पदर सारखा करत राहिल्या. आतून हाक आली, “कुत्रेवाले, चला.”

आजी तिच्याकडे वळल्या.

“तू जा गं आधी. बाळ आहे बरोबर. आम्हाला काही घाई नाही.”