मिस्त्रींच्या इंजिनाचा धूर

सन्माननीय अध्यक्ष गुरुबसप्पाअण्णा, व्यासपीठावरचे प्रायोजक आणि मान्यवर, सत्कारमूर्ती मडिवाळप्पा मिस्त्री, कमलम्मा वहिनी, आणि मातीतल्या मोटारसायकल शर्यतींवर जीव टाकणाऱ्या सोलापूरकर बंधू-भगिनींनो,

क्लबचा सचिव म्हणून मी चार गोड शब्द बोलावेत, असा आदेश आहे. सकाळपासून शोधतोय, सापडले नाहीत.

मिस्त्रींनी चिंचोळीच्या शेडमध्ये तीस वर्षं टू-स्ट्रोक इंजिनं घडवली. या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला इंधन पेटतं, फोर-स्ट्रोकमध्ये एक फेरा सोडून; म्हणजे तेवढ्याच आकारात ताकद जास्त. म्हणून आपणच नियम केला, की सव्वाशे सीसीच्या टू-स्ट्रोकसमोर अडीचशेची फोर-स्ट्रोक चालेल. तेही मिस्त्रींनी मान्य केलं. तरी माळशिरसची ऋतुजा त्यांच्या गाडीवर सलग दोन वर्षं पहिली आली. मग आपण काय केलं? वेग कमी व्हावा म्हणून तिच्या गाडीला आठ किलो शिसं बांधायला लावलं. तिसऱ्या वर्षीही तीच पहिली.

त्यानंतरच्या बैठकीत आपल्याला अचानक धूर दिसला. पर्यावरणासाठी टू-स्ट्रोक बंद! फोर-स्ट्रोक गाड्यांचे विक्रेते त्याच टेबलाशी बसले होते. आपली बक्षिसं तेच देतात. मिस्त्रींनी एवढंच विचारलं, की धूर कुणी मोजला का? कुणीच मोजला नव्हता. त्या ठरावाखाली सही माझी आहे. मला स्वतःची किळस येते.

विक्रेत्यांनी ऋतुजाला फोर-स्ट्रोक देऊ केली. ती घ्यायला तयार नव्हती. मिस्त्रींनीच तिची समजूत घातली आणि शेडला कुलूप लावलं. मी त्यांच्या घरी गेलो, वाटलं शिव्या खाव्या लागणार. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "सायेब, त्येंचं इंजिन वाईट न्हाय की. पण त्येनं मला हरवून यायला पायजे हुतं."

आणि आज आपण त्यांना शाल पांघरतोय. मागच्या फलकावर 'पर्यावरणस्नेही क्लब' असं लिहिलंय, आणि या सभागृहाचा जनरेटर बाहेर काळा धूर ओकतोय. तो कुणाला दिसला का?

सचिवपदाचा राजीनामा मी अण्णांच्या हाती दिला आहे. ठराव पुन्हा मतदानाला घ्या, अशी लेखी मागणीही केली आहे. मतं कशी पडतील, ते मला ठाऊक आहे. तरी ज्यांना बंदीच्या बाजूनं हात वर करायचा असेल, त्यांनी तो मिस्त्रींच्या डोळ्यांत बघून वर करावा.

शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. त्या सहीबद्दल मात्र मला कुणी माफ करू नका.