विजयामावशींचं उघडं दार

मंडळी, नमस्कार. पार लंडनमधून, स्टॅनमोरहून, पिनरहून माणसं आली आहेत, आणि आमच्या बिल्डिंगची तर दोन्ही दारांची आली आहेत. बोलायला उभा राहिलो खरा, पण पहिल्या रांगेतून "आवरतं घे रे" म्हणणाऱ्या मावशीच आज नाहीत. त्यामुळे अडखळलो तर सांभाळून घ्या.

विजयामावशी इथेच, स्लाऊला, आमच्या बिल्डिंगमध्ये राहायच्या. पुढचं काचेचं दार आमचं, म्हणजे फ्लॅट विकत घेतलेल्यांचं. मागचं, कचऱ्याच्या बिनच्या शेजारचं, अफोर्डेबल फ्लॅटवाल्यांचं. काही घरं कमी भाड्यानं द्यायची, या अटीवरच बिल्डरला परवानगी मिळाली होती. त्यानं घरं दिली, पण दार वेगळं दिलं. काका गेल्यावर मावशींना जुन्या घराचं भाडं झेपेना, म्हणून त्या मागच्या दारानं आल्या. कुणी कीव केली की म्हणायच्या, "अरे, डोक्यावर छप्पर आहे. दार असू दे कुठल्याही बाजूला."

मग त्यांच्या शेजारी एरिट्रियाचं एक कुटुंब आलं. दुसऱ्याच दिवशी मावशी पातेलं घेऊन हजर. नव्या घरात दूध उतू घालवायचं असतं, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? दूध उतू गेलं, शेगडीच्या हॉबवर जळलं, घरभर धूर झाला. धूर जावा म्हणून मावशींनी फ्लॅटचं दार उघडलं. झालं! धूर कॉरिडॉरमध्ये, आणि सगळ्या बिल्डिंगचा फायर अलार्म सुरू. दारं दोन, पण मंडळी, अलार्म एकच. आणि जमायची जागाही एकच, मागचा कार पार्क.

तिथे आम्ही सगळे उभे. कुणी पायजम्यात, कुणी लॅपटॉप छातीशी धरून. इतके दिवस एका छपराखाली राहिलो, पण एकमेकांची तोंडं त्या दिवशी पाहिली. मावशी मधोमध, हातात पातेलं. एकीकडे सगळ्यांना सॉरी म्हणताहेत, एकीकडे नव्या कुटुंबाची ओळख करून देताहेत.

त्यानंतर आलेलं कुटुंब हाँगकाँगचं. पुन्हा दूध, पुन्हा दार, पुन्हा अलार्म. माझा कॉल अर्धवट राहिला होता. मी चिडून म्हणालो, "अहो मावशी, खिडकी उघडायची ना. दार कशाला?"

त्या म्हणाल्या, "घरात नवी माणसं आलीत. दार बंद ठेवून कसं चालेल?"

मी लॅपटॉप मिटला.

मग ती मीटिंग झाली. आमच्या बाजूच्या काही जणांना कार पार्कच्या मधून, दोन्ही दारवाल्यांमध्ये, कुंपण घालायचं होतं. आमच्या शेजारीण जोन मागे बसल्या आहेत. हे सांगायला त्यांनीच मला परवानगी दिली आहे. जोन त्या दिवशी म्हणाल्या, आपल्या गावाचा चेहराच बदलत चाललाय. मावशी उठल्या. म्हणाल्या, "मी इथे आले तेव्हाही लोक हेच म्हणायचे. तेव्हा तो नवा चेहरा माझा होता." एवढंच बोलल्या आणि खाली बसल्या. कुंपण बारगळलं. आणि त्यानंतर जे कुटुंब आलं ना, त्यांच्याकडे दूध जोननी नेलं.

मला मावशींची फार आठवण येते. सकाळी कार पार्ककडे जाताना त्यांच्या खोबरेल तेलाचा वास येत नाही. पण आज मी नुसता रडायला उभा नाही. मावशी जाऊन महिना होतोय, तोवर कुंपण पुन्हा अजेंड्यावर आलंय. मीटिंग गुरुवारी आहे. काही जणांना वाटतंय, आता अडवणारं कोण आहे?

मी सांगतो कोण आहे. मावशींच्या फ्लॅटमध्ये बुधवारी नवं कुटुंब येतंय. कुठलं, मला माहीत नाही. विचारलंही नाही. काल फ्लॅट रिकामा करताना मावशींच्या लेकीनं, केतकीनं, मला हाक मारली. म्हणाली, "काका, आईचं पातेलं तुम्ही ठेवा." ते आता माझ्या ओट्यावर आहे. तळाला करपल्याचा डाग आहे. मी तो घासणार नाही.

आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू. मावशींना शांतता फारशी मानवत नसे, पण आज त्या सोसून घेतील.

आणि बुधवारी संध्याकाळी अलार्म वाजला, तर घाबरू नका. कोट घाला आणि खाली या. दार मी उघडलेलं असेल.