लोईसबाईंच्या दाराशी थांबलेले टाळ

प्रभूच्या घरी जमलेल्या मायबापांनो, सगळ्यांना सलाम! मागचे पुढं सरका. पुढची जागा काय पाहुण्यांसाठी राखून ठेवलीय?

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एखाद्या माणसाला आपण दुखावलं, तर त्याच्या दारावरून कसं जावं? गाजावाजा करत जावं? की पाय न वाजवता, हळूच, त्याला त्रास नको म्हणून? बोला की! हळूच? हां, मला वाटलंच होतं! आपण सगळी शहाणी माणसं. मग ऐका.

घोडझरी नावाचं गाव. तिथं आपल्या ख्रिस्ती लोकांची जुनी मंडळी. बारकंसं देऊळ, मागं दफनभूमी, तिला दगडी भिंत. त्या गावात पुनरुत्थानाच्या दिवशी, ईस्टरला, पहाटे प्रभातफेरी निघायची. टाळ, ढोलकी, पोरंबाळं, म्हाताऱ्या – सगळं गाव! आणि रीत अशी की फेरी प्रत्येक दाराशी थांबायची. पुढचा पंच हाक द्यायचा – ‘प्रभू उठला आहे!’ आणि आतून उत्तर यायचं – ‘खरोखर उठला आहे!’ उत्तर आल्याशिवाय फेरी हलायची नाही. एखाद्या घरी झोप लागलेली असली, तर बाहेर सगळे उभे! घोरणाऱ्याला बायको ढोसून उठवायची आणि तो डोळे चोळत ओरडायचा, ‘उठला, उठला!’ कोण उठला ते देवालाच ठाऊक! हसता काय? तुमच्यातही आहेत असले.

तर त्या गावात राहायच्या लोईसबाई रणपिसे. नवरा मागंच प्रभूकडं गेलेला. एकुलती एक लेक तिर्सा, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा झाला. लोईसबाईंनी नाव ठरवलं – नथनेल. उपासना चालवायला पाळकसाहेब शेजारच्या गावाहून रविवारी यायचे, तेव्हा बाप्तिस्मा करायचा ठरलं. अंगडं शिवून झालं. पण मंडळी, ते लेकरू रविवारपर्यंत थांबलं नाही हो!

गेलं.

लोईसबाई पदराखाली ते गाठोडं घेऊन मंडळीच्या पंचाकडं गेल्या. पंच कोण? अमोस. सख्खा धाकटा दीर! म्हणाल्या, ‘भावजी, याच्या आजोबांच्या पायाशी एवढीशी जागा द्या.’ आणि अमोस काय म्हणाला? ‘वहिनी, बाप्तिस्मा झालेला नाही. नियमानं भिंतीच्या आत नेता येत नाही.’

नियमानं! वहिनीच्या हातात मेलेलं नातवंड, आणि याच्या तोंडात नियम!

लेकराला भिंतीच्या बाहेर ठेवलं. बाभळीखाली. तिर्सा सासरी गेली ती पुन्हा माहेरच्या उंबऱ्यावर आली नाही. आणि लोईसबाई? तुम्हाला वाटेल, मंडळी सोडली. छे! आपल्यात रागावलेला माणूस मंडळी सोडत नाही, बाक बदलतो! त्या दारालगतच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. उपासना संपली की सगळे एकमेकांना सलाम करतात ना, त्याच्या आधीच चपला घालून बाहेर.

पुढच्या वर्षी पुनरुत्थानाची फेरी त्यांच्या दाराशी आली. हाक झाली – ‘प्रभू उठला आहे!’ दार उघडलं. लोईसबाई उंबऱ्यावर उभ्या. केस मोकळे, डोळे कोरडे. म्हणाल्या, ‘या घरात कुणी उठलं नाही. पुढं जा!’

धाडकन दार लावलं. आणि त्या गावाच्या आठवणीत पहिल्यांदाच, उत्तर न घेता फेरी पुढं गेली.

आता बघा हं, चूक कुठं होते! मंडळीचे पंच बसले. माणसं काही वाईट नव्हती. सगळ्यांच्या मनाला लागलं होतं. म्हणाले, बाईचा घाव ओला आहे, आपण गात गेलो की तिला जाच होतो. तेव्हा तिच्या दाराशी थांबायचं नाही. कोपरा आला की टाळ मुठीत धरायचे, गाणं बंद, पाय न वाजवता पुढं, आणि पिठाच्या गिरणीपासून पुन्हा सुरू. किती समजूतदारपणा! किती माया! दर वर्षी तसंच चाललं. पोरं मोठी झाली, त्यांना एवढंच ठाऊक – त्या घराशी गप्प बसायचं. का, ते कुणी सांगितलं नाही.

पण दाराच्या आत काय चाललं होतं?

तो राग मंडळी, एका पावसाळ्यात ओसरला होता! दुसऱ्याच वर्षी लोईसबाई पहाटे उठल्या. अंगण झाडलं, सडा टाकला. मोठ्या पातेल्यात चहा ठेवला, सगळ्या फेरीला पुरेल एवढा. धुवट लुगडं नेसून दारामागं पाटावर बसल्या. उत्तर तयार होतं. आता येतील, आता हाक देतील! लांबून टाळ ऐकू आले. जवळ आले. कोपऱ्यापाशी आले – आणि थांबले. बाई पाटावरून उठल्या. आता दाराशी येतायत!

टाळ वाजले ते थेट गिरणीपाशी.

एक वर्ष नाही हो, वर्षानुवर्षं! दर खेपेला चहा गाईच्या घमेल्यात. दर खेपेला मनात तेच – ‘आपलं नावच पुसलं यांनी. मेल्यावर मलाही भिंतीबाहेरच टाकतील.’ मग दार उघडून हाक का नाही मारली, म्हणता? अहो, एकदा ज्या तोंडानं ‘पुढं जा’ म्हटलं, त्याच तोंडानं ‘या’ म्हणायचं? तुम्ही म्हणता का? जाऊ बोलत नाही म्हणून तुम्ही दिवाणखान्यातला तिचा फोटो उतरवता, आणि लोईसबाईंना विचारता होय?

दारी आला देव । परि न बोलला ।
जीव हा झुरला । दारापाशी ॥

म्हणा माझ्याबरोबर! ... बास. ढोलकी हळू. पुढं ऐका.

एका वर्षी काय झालं – अमोसही थकला होता. गुडघे धरले होते, पण फेरीत यायचा हट्ट. कोपऱ्यापासून सगळे गपचूप पुढं गेले, आणि हा मागं राहिला. चालवेना. टेकला कुठं? लोईसबाईंच्याच ओट्यावर! बसला आणि बघतो तर अंगणात ताजा सडा. आतून आल्याच्या चहाचा वास. खिडकीच्या फळीवर कपबशा, एकावर एक रचलेल्या. एकट्या बाईच्या घरात एवढ्या कपबशा?

तेवढ्यात गिरणीपलीकडच्या दाराशी हाक झाली – ‘प्रभू उठला आहे!’ आणि बंद दाराच्या आतून, अमोसच्या अगदी पाठीमागून, हळू आवाज आला – ‘खरोखर उठला आहे.’

दुसऱ्याच्या घरच्या हाकेला ही बाई आतून उत्तर देत होती हो!

अमोस दाराकडं वळला. म्हणाला, ‘वहिनी!’

‘कोण आहे?’

‘मी. अमोस. हा चहा कुणासाठी?’

‘दर वर्षी ठेवते. फेरीसाठी.’

‘वहिनी, आम्हाला वाटलं, तुम्हाला आमचा आवाज सोसत नाही!’

दार उघडलं. लोईसबाई म्हणाल्या, ‘आवाज सोसत नाही? भावजी, तो आवाज माझ्या दाराशी बंद होतो ना, ते सोसत नाही!’

अमोसच्या तोंडातून पहिला शब्द काय निघावा? ‘वहिनी, तेव्हा नियम होता...’ बघा! अजून नियमच!

‘नियम मला पाठ होता, भावजी. मी काय नियम विचारायला आले होते? मी दिराकडं आले होते.’

आणि मंडळी, तो पंच, ज्याच्यापुढं गाव चळचळा कापायचं, तो ओट्यावरून खाली उतरला, सड्याच्या ओल्या मातीत बसला आणि पोरासारखा रडला. ‘माझं चुकलं, वहिनी. लेकराला मी बाहेर ठेवलं. माझं चुकलं.’

लोईसबाईही रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दुसऱ्या माणसासमोर.

अमोस डोळे पुसून म्हणाला, ‘थांबा, फेरीला माघारी बोलावतो. तुमच्या दाराशी गाऊ.’

‘नको. माझ्या दाराशी नंतर या. आधी त्याच्या दाराशी जा.’

कुणाच्या ते अमोसला सांगावं लागलं नाही.

फेरी माघारी फिरली. देवळाला वळसा घालून, भिंतीच्या बाहेर, बाभळीखाली. मातीचा एवढासा उंचवटा, भोवती चुना लावलेले दगड. कुणी चुना लावत होतं, ते आता सगळ्यांना कळलं. लोईसबाई दगडांपाशी बसल्या. अमोसनं टोपी काढली आणि मोठ्यानं हाक दिली – ‘नथनेल! प्रभू उठला आहे!’

त्या मंडळीत त्या लेकराचं नाव पहिल्यांदाच कुणी उच्चारलं.

आता? रीत काय? उत्तर आल्याशिवाय फेरी हलत नाही. ज्याला बोलायलाही आलं नव्हतं, तो काय उत्तर देणार? एक बाई न राहवून म्हणायला गेली, अमोसनं हात वर केला. ‘नाही. उत्तर या घरचंच पाहिजे.’ सगळे उभे. ऊन वर आलं. उपासनेची वेळ टळली. पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं, मग तेही हात जोडून उभे राहिले.

लोईसबाईंचे ओठ हलले. आवाज फुटेना. पुन्हा हलले. ‘खरो...’ कुणी घाई केली नाही. आणि मग त्या बाईनं मातीवर हात ठेवला आणि नातवाच्या वतीनं सांगितलं – ‘खरोखर उठला आहे!’

तेव्हा कुठं टाळ वाजले! असे वाजले, की लोक सांगतात, वाळत घातलेल्या ज्वारीवरचे पारवे उडून गेले.

दुःख गेलं का? नाही. तिर्सा त्या वर्षी आली का? नाही आली. लोईसबाई अजून वाटेकडं डोळे लावून आहेत. खोटं कशाला सांगू? पण त्या आठवड्यात अमोसनं स्वतः पहार घेतली आणि त्या बाजूची भिंत पाडली. बाभळीला आत घेऊन नवी बांधली.

आता तुमच्याकडं येतो. खाली बघू नका! तुमच्या मंडळीत गेली कित्येक वर्षं असं एक घर आहे, ज्याच्यापाशी तुमचा आवाज आपोआप खाली येतो. मला नाव ठाऊक नाही. तुम्हाला आहे. तुम्ही म्हणता, त्याला त्रास नको. अरे, त्याला विचारलं का कधी? आणि जे त्या बंद दाराच्या आत आहेत, तेही इथंच बसले आहेत. मला दिसतायत.

शेवटचं गायन घ्यायचं होतं. पेटीवाले, भाता बंद करा. आज गायन नाही. मी इथं उभा आहे, मला कसली घाई नाही. ज्यानं दुखावलंय त्यानं उठायचं, त्या माणसापुढं जायचं, आणि पहिला शब्द ‘चुकलं’ म्हणायचा.

उठा.