आईंनी साठवलेले युनिट

साठवलेले युनिट गेल्याचं त्या नवरा-बायकोला कळलं, तेव्हा वीज कार्यालयाच्या रांगेत मी त्यांच्या मागेच होतो. माझी बायको गेल्यापासून अशा रांगांत मीच उभा राहतो.

"शिल्लक शून्य? साहेब, नीट बघा. गेल्या महिन्यात चारशे दहा होते."

"ताई, सोलरचे जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्ष संपेपर्यंतच, म्हणजे मार्चअखेरपर्यंत. मग कंपनी ते किरकोळ दरानं घेते आणि खातं पुन्हा शून्यापासून. करारात लिहिलंय."

"अहो, करार तुम्ही वाचला होता ना?"

"सही केली होती."

"धन्य आहे तुमची! आणि तिकडे तुमच्या आईंनी अख्खी थंडी गार पाण्यानं अंघोळ केली."

"मी सांगितलं होतं का तिला?"

"त्यांची लेक उन्हाळ्यात बाळंतपणाला येणार, तिला एसी लागेल, म्हणून साठवत होत्या. ओठ निळे पडायचे त्यांचे."

"साहेब, काहीच करता येणार नाही?"

"आता नाही."

"मग आईला तूच सांग."

"मी? मुलगा तुम्ही आहात."

"तुझं ऐकते ती."

"ऐकत असत्या तर गीझर लावला असता."

माझं काम उरकून मी बाहेर आलो, तर दोघं पायरीवर बसले होते. आईंना अजून कोणीच सांगितलं नव्हतं.