मगदूमांनी चुकीची कबुली दिली, ती गोष्ट

मंडळी, आज एकच प्रश्न. आपण दुसऱ्याला बोल लावला, चार शब्द सुनावले – आणि चूक निघाली आपलीच! मग काय करायचं? तुम्ही म्हणाल, बुवा, सोपं आहे, माफी मागायची. अस्सं! आणि घरी मागता का? बघा, त्या काकू लगेच काकांकडे बघायला लागल्या! राहू द्या काकू, आधी गोष्ट ऐका.

सांगलीकडच्या एका गावात अंध मुलींची शाळा. मुख्याध्यापिका कुंभोजकर बाई, त्याही जन्मांध. सोमवारी वार्षिक परीक्षा. ठिपक्यांच्या लिपीत प्रश्नपत्रिका छापणारं यंत्र शाळेत होतं, पण इतकं जुनं, की एकाच कॉम्प्युटरला जोडता यायचं. आणि गुरुवारी नेमका त्याचाच मदरबोर्ड जळाला!

दुरुस्तीला आले अजित मगदूम. वीस वर्षांचा हात, मनानं सज्जन. फक्त एक खोड – 'माझ्याकडून काही राहून जाणारच नाही' ही खात्री! तसाच जुना बोर्ड त्यांनी कोल्हापूरला जुने सुटे भाग विकणाऱ्या इनामदारांकडून शोधून आणला, शनिवारी सकाळी बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. पडदा? काळा ठिक्कर!

मगदूमांनी रॅम काढून पुसून बसवली. केबल बदलली. शेजारच्या खोलीतला मॉनिटर आणून लावला. पडदा काळाच. दुपार झाली, घाम फुटला. बावीस मुलींनी वर्षभर अभ्यास केलेला, आणि हातात द्यायला कागद नाही!

तेव्हा मगदूमांनी काय केलं? तुम्ही-आम्ही करतो तेच – दोष द्यायला माणूस शोधला! इनामदारांना फोन लावला आणि मेलेला बोर्ड गळ्यात मारलास म्हणून वाट्टेल ते बोलले. इनामदार सांगत होते, मी चालवून बघूनच दिलाय. पण ऐकतो कोण? दुसरा बोर्ड मिळणार मंगळवारी. परीक्षा सोमवारी.

कुंभोजकर बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, वीज बंद करून मी एकदा हात लावून बघू का? मगदूमांना मनातून हसू आलं, मंडळी. मला डोळ्यांनी सापडेना, बाईंना काय सापडणार? पण नाही कसं म्हणायचं! त्यांनी प्लग काढला.

बाईंची बोटं पेटीत हळूहळू फिरू लागली. एकेक वायर धरायची, टोकापर्यंत जायचं, की पुढची. वरच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या मागे, बोटं थांबली.

"मगदूम, ही एक वायर मोकळीच आहे. ही कुठं जाते हो?"

मगदूम वाकले. चार पिनांचा छोटा प्लग – प्रोसेसरला वीज देणारा! बोर्ड बसवताना मागे सरकला होता, आणि जोडायचाच राहिला होता. पंख्याला वीज वेगळी, म्हणून पंखा फिरत होता. ज्यानं काम करायचं, तोच उपाशी!

प्लग बसवला. बटण दाबलं. एक बारीक 'टीं' झालं आणि पडदा उजळला. थोड्याच वेळात बाईंना पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज बोलायला लागला. बाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि मगदूमांच्या छातीवरचा धोंडा उतरला हो!

पण गोष्ट इथं संपत नाही. इनामदार कोल्हापुरात. त्यांना कोण सांगणार होतं? मगदूमांच्या मनात आलंच – सोमवारी सांगू, कशानं चालू झाला कळलं नाही म्हणून. यंत्र खडखडत पहिला कागद छापत होतं. त्या आवाजात मगदूमांनी फोन उचलला.

"इनामदार, बोर्ड चांगला आहे. प्लग मीच जोडला नव्हता. तुम्हाला बोललो ते चुकलं माझं."

इनामदारांनी एवढंच विचारलं, "मुलींची परीक्षा होतेय ना?"

"होतेय."

"मग झालं तर. मी दुपारपासून जेवलो नव्हतो हो. आता जेवतो."

ऐकलंत? कुणाचा तरी घास आपल्या एका शब्दावाचून अडकलेला असतो! आता सांगा, तुमचा असा कुणी आहे का? भाऊ, विहीण, शेजारी? नाव मला नको, तुमच्या मनात आलंय ते. मी दोन मिनिटं थांबतो. ज्याला फोन करायचाय, त्यानं खुशाल उठून बाहेर जावं. कुणी कुणाकडे वळून बघणार नाही. टाळकरी, जरा थांबा रे... मागे कुणीतरी उठलंय.